जुन्या यंत्राला नवे दार

गेल्या वर्षी पावसाळा सरत आला असताना, एक सीडी प्लेयर जुन्या धोतरात गुंडाळून आणि रिक्षात मांडीवर धरून मी उधन्याहून भेस्तानला गेलो. भेस्तान आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे ते सचिन आणि उधना यांच्यामधले एक लहान स्थानक म्हणून. मुंबईकडून खानदेशात जाणाऱ्या काही गाड्या तेथूनच परस्पर ताप्तीच्या खोऱ्यातील लोहमार्गाला लागतात, आणि म्हणून आपल्या घरांतील कित्येक लग्नांची व मर्तिकांची वाट त्या फलाटावरून गेलेली आहे. स्थानकापासून काही अंतरावर एका गाळ्यात एक तरुण कारागीर बसतो. भरतकामाच्या यंत्रांची इलेक्ट्रॉनिक कार्डे दुरुस्त करणे हा त्याचा पोटाचा धंदा आणि जुनी ध्वनियंत्रे उघडून पाहणे हा त्याचा छंद. माझे यंत्र बिघडलेले नव्हते. मला त्यात एक नवी सोय हवी होती. संगणकात किंवा मोबाइलमध्ये साठवलेले ध्वनिमुद्रण यूएसबीच्या तारेने त्या यंत्रात जावे आणि त्याच्याच आवाजात ऐकू यावे, एवढेच माझे मागणे होते.

मागणे लहान असले तरी त्यावरून आमच्या घरात दोन महिने वाद चालला होता. त्या वादात जो प्रश्न दडलेला होता, तो सीडी प्लेयरपुरता राहिला नाही. म्हणून तो येथे मांडण्याचे धाडस करतो.

हे यंत्र आमच्या थोरल्या बंधूंनी आणलेले. ते मस्कतला नोकरीस होते आणि १९८९ साली रजेवर येताना त्यांनी वडिलांसाठी हा फिलिप्सचा सीडी प्लेयर आणला. वडील, म्हणजे आमचे नाना, १९५८ साली अमळनेर सोडून एका मिलमध्ये हिशेबनीस म्हणून सुरतेस आले. प्रताप शेठजींनी १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. त्याच्या आवाराजवळ नानांचे बालपण गेले होते, आणि आपल्या अंगी जो काही तर्क आहे तो त्या वाऱ्याचा, असे ते थट्टेने म्हणत. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली गीतरामायणाची ५६ गीते आठवड्यागणिक प्रसारित झाली, तेव्हा नानांनी ती शेजाऱ्यांच्या रेडिओवर, खरखरीतून वेचून ऐकली होती. पुढे सुरतेत त्यांनी तीच गीते कॅसेटवर ऐकली आणि शेवटी सीडीवर. खरखर नाहीशी झाल्यावर त्यांना प्रथम काही चुकल्यासारखे वाटले. मग मात्र त्या यंत्राचा कप्पा स्वतःच्या हाताने उघडणे आणि मिटणे हा त्यांच्या रविवारच्या सकाळचा नेम झाला. २००४ साली नाना गेले. यंत्र दिवाणखान्यात त्याच जागी राहिले.

माझ्या पुतणीने काही वर्षांपूर्वी घरातली एक जुनी कॅसेट संगणकात उतरवून घेतली. तिच्यात आमच्या मायने १९८६ साली म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. जाते तेव्हा घरात नव्हतेच. सुरतेच्या चाळीत ते आणणार कोठून? पण ओव्या अहिराणीतल्या, आणि मध्येच भिंतीपलीकडच्या यंत्रमागांचा ठेका ऐकू येतो. पुतणीची इच्छा अशी की आजीचा हा आवाज नानांच्या यंत्रातून ऐकावा. कॅसेटचे यंत्र केव्हाच मोडीत गेलेले. सीडी प्लेयरला केवळ सीडी समजते. तेव्हा यंत्राला आणखी एक दार करावे, अशी कल्पना निघाली.

थोरल्या बंधूंनी तिला ठाम नकार दिला. ते म्हणाले, "नानांनी ज्या यंत्रावर ऐकलं, ते हे यंत्र. त्यात तुम्ही भर घातलीत की ते तुमचं यंत्र होईल. ओव्या ऐकायच्या तर बाजारात हवी तेवढी नवी यंत्रं आहेत." मी म्हणालो, "दादा, वस्तू जपायची ती कशासाठी? तिनं बोलावं म्हणून ना?" त्यावर ते गप्प झाले, पण पटल्यामुळे नव्हे. माझे उत्तर ऐकायला बरे होते. ते पुरेसे नव्हते, हे मलाही जाणवत होते.

बदललेली वस्तू तीच राहते काय, हा प्रश्न फार जुना आहे. ग्रीकांनी थीसियसचे जहाज जपून ठेवले आणि कुजलेली एकेक फळी बदलत नेली. तेव्हा ते जहाज तेच की दुसरे, यावर तत्त्वज्ञांचे दोन पक्ष पडले, असे प्लुटार्कने नोंदवले आहे. आपल्याकडे मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो की रथ म्हणजे चाक काय, आस काय, की जू काय? एकही अवयव रथ नव्हे, आणि अवयवांवाचून रथही नाही. 'रथ' हे त्यांच्या मेळाचे व्यवहारातले नाव. ही दोन्ही उदाहरणे मी बंधूंपुढे ठेवली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि एका वाक्यात बाजूला सारली. "इथे फळी कुणी बदलत नाही. तुम्ही जहाजाला नवी शिडी लावताहात."

हे त्यांचे म्हणणे खरे होते. त्या दोन्ही कोड्यांत काही जाते आणि त्याच्या जागी काही येते. आमच्या प्रश्नात काहीच जात नव्हते, केवळ येत होते. जीर्ण झालेले बदलण्याचे समर्थन जीर्णतेतच असते. धडधाकट वस्तूत भर घालण्याचे समर्थन कशात शोधायचे?

या बाबतीत मराठी परंपरेने एक कठोर निवाडा दिलेला आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीन शतकांच्या नकलांतून शिरलेले अपपाठ त्यांनी काढले आणि शेवटी बजावले की यापुढे या ग्रंथात कोणी आपली ओवी मिसळू नये. शुद्धी मान्य आणि भर अमान्य, असा हा निवाडा. बंधूंना तो ठाऊक होता आणि त्यांनी तो माझ्यावर उलटवलाही. यंत्र पुसा, त्याचा बेल्ट बदला, भिंग स्वच्छ करा. ती शुद्धी झाली. यूएसबी हा प्रक्षेप.

मी पुष्कळ विचार केला, तेव्हा या निवाड्याची दुसरी बाजू दिसली. ज्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीत ओवी मिसळू दिली नाही, त्यांनीच त्यापूर्वी, १५७३ साली, काशीत एकनाथी भागवत पूर्ण केले होते. म्हणजे परंपरेत भर घालण्याला त्यांचा विरोध नव्हता. ती त्यांनी स्वतः विपुल घातली, पण स्वतःच्या नावाने आणि स्वतंत्र ग्रंथात. प्रक्षेपाचा दोष त्याच्या लपण्यात आहे. नवी ओवी जुन्या ओव्यांचा वेष घेऊन बसते आणि पुढच्या वाचकाला मूळ काय व मागाहूनचे काय हे कळेनासे होते. वाचकाची ही फसवणूक हेच पाप. जी भर आपले वय आणि आपला कर्ता सांगते, ती या दोषातून सुटते.

वास्तूंच्या क्षेत्रातही लोक याच निष्कर्षाला आले आहेत. १९६४ सालच्या व्हेनिसच्या सनदेत स्मारकांच्या जतनाचे जे नियम घातले गेले, त्यांत एक असा की नवे काम करणे भागच पडले तर त्यावर आपल्या काळाचा ठसा असावा; ते जुन्यात मिसळून जाऊ नये. पण त्याच्या कितीतरी आधीचे उदाहरण आपल्या गुजरातेत आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७८३ साली सोमनाथला मंदिर बांधले ते मूळ भग्न मंदिराच्या जवळ, वेगळ्या जागी. १९५१ साली मूळ जागी नवे मंदिर उभे राहिले, आणि आज दोन्ही ठिकाणी पूजा चालते. अहिल्याबाईंच्या बांधणीने जुन्या जागेवर हक्क सांगितला नाही, म्हणून पुढच्यांना आपला निर्णय घ्यायला वाव राहिला. भर घालणाऱ्याने पुढच्याचा हात बांधू नये, हे तत्त्व मला तेथे दिसते.

एवढा विचार झाल्यावर बंधू म्हणाले, "जा मग. पण त्या मुलाला विचार, सगळं परत पहिल्यासारखं करता येईल का?" आणि मी भेस्तानला गेलो.

कारागिराने झाकण उघडले आणि मला यंत्राची रचना समजावून दिली. ती सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही. सीडी प्लेयरचे दोन भाग असतात. पहिला भाग वाचणारा. अवरक्त लेसरचा एक बारीक झोत फिरत्या सीडीवर पडतो, तेथील सूक्ष्म खळगे टिपतो, आणि ओरखड्यांमुळे गळालेली अक्षरे गणिताने भरून काढून आकड्यांची अखंड माळ तयार करतो. प्रत्येक बाजूच्या ध्वनीची दर सेकंदाला ४४,१०० मोजमापे, आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर. दुसरा भाग बोलणारा. तो या आकड्यांचा पुन्हा विद्युत्-दाब बनवतो, आणि त्यातून अ‍ॅम्प्लिफायर व स्पीकर यांच्या वाटेने आवाज येतो. आमच्या यंत्रात हे काम फिलिप्सची टीडीए १५४१ ही चिप करते. ती आता बनत नाही, आणि तिच्या आवाजावर जीव टाकणारे लोक जगभर आहेत. आपण ज्याला 'यंत्राचा आवाज' म्हणतो, तो या दुसऱ्या भागाचा.

यूएसबीचे मानक १९९६ सालचे. हे यंत्र त्याच्या आधीचे. मग ही दोन्ही एकमेकांशी बोलणार कशी? कारागीर म्हणाला, "काका, यांची बोली एकच आहे." फिलिप्सने आपल्या चिपांना एकमेकांत आकडे पोचवता यावेत म्हणून १९८६ साली एक पद्धत ठरवली. तीन तारा असतात. एक ठेका देते, दुसरी डावे-उजवे सांगते आणि तिसरी आकडे वाहते. पद्धत इतकी सुटसुटीत की जगाने ती सोडलीच नाही. आजची नवी यूएसबी कार्डेही आतल्या बाजूला तीच बोलतात. यंत्राचे बाह्य रूप जुने झाले, सीडी बाजारातून हटली, पण त्याच्या पोटातली बोली जिवंत राहिली, आणि म्हणून चाळीस वर्षांनंतरही त्याला नव्याशी बोलता येते. नव्या कार्डाच्या तारा यंत्राच्या वाचणाऱ्या भागानंतर आणि बोलणाऱ्या भागाआधी जोडायच्या, आणि कोणी बोलायचे हे ठरवायला एक बटण ठेवायचे, असा त्याचा बेत होता.

त्यात दोन गोष्टींबद्दल तो हट्टी होता. पहिली घड्याळाची. अशा यंत्रात सेकंदाला १,१२,८९,६०० ठोके देणारा एक स्फटिक असतो आणि सारे काम त्याच्या तालावर चालते. एका वेळी दोन ताल चालत नाहीत. संगणकाचा ताल चंचल असतो. त्याच्या मागे यंत्राला फरफटवले तर आवाजात दोष येतो. म्हणून त्याने असे कार्ड निवडले की ज्यावर त्याच मापाचा स्वतःचा स्थिर स्फटिक आहे आणि जे संगणकालाच सांगते की आता सावकाश पाठव, आता जरा लवकर. सीडीच्या मापाखेरीज दुसरे कोणतेही माप हे जुने यंत्र स्वीकारणार नाही, हेही त्याने स्पष्ट केले. पाहुण्याने घराच्या वेळेला जेवावे, हा नियम.

दुसरा हट्ट तारांचा. छापील पट्टीवरची तांब्याची रेषा ब्लेडने कापून तेथे आपले बटण बसवणे हे सर्वांत सोपे. त्याने तसे केले नाही. त्या मार्गावर जे लहान रेझिस्टर होते, त्यांचा एकेक पाय तेवढा त्याने सोल्डर वितळवून उचलला आणि तेथे आपल्या तारा जोडल्या. "रेघ कापली की माझं काम सोपं होतं आणि पुढच्याचं अवघड होतं," तो म्हणाला. मागच्या पत्र्याला भोकही पाडले नाही. तार हवा जाण्याच्या फटीतून बाहेर काढली. शेवटी एका कागदावर कोणती तार कोठून उचलली आणि ती परत कशी लावायची याची आकृती काढून, खाली तारीख घालून, त्याने तो कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला. हे कोणासाठी, असे मी विचारले. "जो पुढे उघडेल त्याच्यासाठी."

मला त्या कागदात एकनाथांच्या निवाड्याचे पालन दिसले. भर घातली, पण ती लपवली नाही. तिचा काळ आणि तिची जागा लिहून ठेवली. आणि ती काढून टाकण्याची वाटही सांगितली. मला वाटले, आमच्या वादाचा निकाल लागला.

पुढच्या रविवारी बंधू आले. बटण फिरवले आणि नानांच्या यंत्रातून मायचा आवाज आला. अहिराणी ओव्या, त्यांच्या मागे यंत्रमागांचा ठेका. बंधूंनी डोळे मिटून सर्व ओव्या ऐकल्या. मग बटण पुन्हा मूळ जागी आणून नानांची एक सीडी लावली आणि तीही ऐकली. "आवाज तोच आहे," एवढे ते म्हणाले. त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी संमती मी कधी ऐकलेली नाही.

हा लेख येथे संपला असता तर तो सुखान्त झाला असता. पण यंदाच्या होळीच्या सुमारास, सहाएक महिन्यांनी, पुतणीने नानांची एखादी सीडी लावायची म्हणून कळ दाबली तेव्हा कप्पा बाहेर आलाच नाही. आत कुरकुर झाली आणि थांबली. मी यंत्र पुन्हा भेस्तानला नेले. कप्पा हलवणारा रबरी बेल्ट कडक झाला होता, सरकपट्टीवरचे वंगण चिकट झाले होते आणि भिंगावर धूळ बसली होती. कारागिराने विचारले, "शेवटची सीडी कधी लावली होती?" मला आठवेना. नीट आठवले तेव्हा उत्तर असे निघाले की त्या रविवारी बंधूंनी लावली, तीच.

कोणी काही मोडले नव्हते. सर्व तारा जागच्या जागी होत्या. झाकणाखालचा कागद शाबूत होता, सर्व काही परत पूर्ववत करता येण्याजोगे होते. केवळ एवढेच घडले की नवे दार सोपे होते आणि आम्ही सर्वजण त्याच दारातून ये-जा करू लागलो. कप्पा उघडणे, सीडी काठाला धरून ठेवणे, एकामागून एक गीते क्रमाने ऐकणे, हे सगळे सुटले. बोटाच्या एका स्पर्शाने हवे ते मिळू लागल्यावर उठून कपाटापर्यंत कोण जाणार?

तेव्हा मला कळले की बंधूंच्या नकारात एक भीती होती, जिला त्यांना शब्द सापडले नव्हते आणि माझ्या युक्तिवादांनी जिला स्पर्शही केला नव्हता. परत पूर्ववत करता येणे ही हाताने होणाऱ्या अन्यायावरची तरतूद आहे. सवयीने होणाऱ्या अन्यायावर तिचा इलाज चालत नाही. हाताने कापलेली तार दिसते. सवयीने सुकलेला बेल्ट दिसत नाही, आणि तो सुकवल्याचा दोषही कोणाच्या माथी मारता येत नाही.

संगीताच्या इतिहासात हे घडून गेलेले आहे. युरोपातून आलेल्या पायपेटीचे पाय काढून, तिला हाताचा भाता देऊन, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या कारागिरांनी ती आपल्या बैठकीत आणली. मराठी रंगभूमीने आणि कीर्तनाने तिला आपलीच मानले. तिचे सूर ठरावीक, तिला मींड घेता येत नाही, या आक्षेपामुळे आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ साली शिथिल केली. या वादात पेटी चांगली की वाईट, एवढेच बहुधा विचारले गेले. तिने सारंगीची एकही तार तोडली नाही. सारंगी वाजवू नये असा नियम कोणी केला नाही. पेटी मिळायला सोपी, लावायला सोपी आणि वर्षानुवर्षांच्या तालमीवाचून साथीला उभी राहणारी. म्हणून गायकांशेजारची सारंगीची जागा हळूहळू रिकामी होत गेली. तरी पेटी नकोच होती, असे मी म्हणणार नाही. तिच्यावाचून आपले नाट्यसंगीत कल्पनेत येत नाही. मी म्हणतो ते इतकेच की पेटी आणणाऱ्या पिढीने सारंगीचे काय, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता. कारण नंतरच्या पिढीला तो विचारण्याइतकी सारंगी ऐकू येत नव्हती.

सुरतेत बसून हे लिहिताना आपल्या घरांचा विचार टाळता येत नाही. आपले वाडवडील या शहरात आले, तेव्हा त्यांनी आपल्या घरातल्या बोलीला गुजरातीचे दार जोडले. ते त्यांनी कुशल कारागिरासारखे जोडले, असे माझे मत आहे. कोणतीही रेघ कापली नाही. नाना दुकानात गुजराती हिशेब करीत, घरी मराठी वाचीत आणि मायशी अहिराणी बोलत. बटण कोठे फिरवायचे हे त्यांना उत्तम ठाऊक होते. गुजरातीने आपल्याला अन्न दिले, शेजार दिला, नर्मदांची भाषा दिली. त्या दाराबद्दल कृतघ्न होण्याचे काहीच कारण नाही. महानगरपालिकेच्या शाळांत मराठी माध्यमही आहे, म्हणजे शहराने आपल्या तारा कापल्या, असेही म्हणता येत नाही. आणि तरीही माझ्या घरात मायच्या ओव्यांतला प्रत्येक शब्द समजणारे आता दोघेच उरलो आहोत, बंधू आणि मी. पुतणी त्या आवाजासाठी ऐकते. अर्थ ती आम्हाला विचारते.

येथे कोणावर आरोप करायचा? ज्याने दार जोडले त्याच्यावर नव्हे. त्याने ते नीट जोडले. जे मूल सोप्या दाराने गेले त्याच्यावरही नव्हे. सोप्या दाराने जाणे हा मुलाचा स्वभाव आहे. मला दोष दिसतो तो आपल्या कल्पनेत. जुने शाबूत ठेवले म्हणजे जपणे पूर्ण झाले, असे आपण मानतो. काचेच्या कपाटातली सतार शाबूत असते. झाकणाखालच्या कागदाने आमचे यंत्र शाबूत होते. पण यंत्राचा जुना अर्धा भाग वापरावाचून मरत होता, आणि त्या मरणाला आमच्या जपणुकीच्या व्याख्येत जागाच नव्हती.

म्हणून मूळ प्रश्नाचे माझे उत्तर आता असे आहे. जुन्या वस्तूत भर घालणे अनीतीचे नाही. भर उघड असावी, तिने मूळ मार्ग कापू नये, ती काढून टाकण्याची वाट पुढच्याला मोकळी असावी, आणि नव्याने जुन्याचा ताल सांभाळावा. या चार अटी कारागिराच्या आहेत आणि त्या त्याने पाळल्या. पाचवी अट मालकाची आहे, आणि ती दुकानात पूर्ण होत नाही. जो नवे दार करतो, त्याने जुन्या दाराने जाण्याचे कर्जही पत्करलेले असते. ते कर्ज एकदाच फेडून भागत नाही. ज्याला ते पत्करायचे नसेल त्याने बंधूंचा सल्ला मानून दुसरे यंत्र घ्यावे. जुने निदान एकाच दाराचे म्हणून उघडले तरी जाईल.

या उत्तराला एक आक्षेप मी स्वतःच घेतो. जे सोपे नाही ते केवळ कर्तव्य म्हणून किती काळ केले जाईल? रविवारची सीडी जर प्रायश्चित्त म्हणून लावायची, तर तीही एक प्रकारची काचेची पेटीच नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. माझ्याजवळ त्याला मिळालेले उत्तर तर्काचे नाही, अनुभवाचे आहे. बेल्ट बदलून यंत्र घरी आणल्यावर आम्ही नेम केला की रविवारी सकाळी प्रथम एक सीडी लावायची, अखेरपर्यंत ऐकायची, आणि मग बटण फिरवायचे. पहिले दोन रविवार ते कर्तव्यच होते. तिसऱ्या रविवारी पुतणीने कप्पा उघडण्याआधी विचारले, "नाना सीडी कशी धरायचे?" मी दाखवले. मधल्या भोकात एक बोट, काठावर अंगठा, आणि ठेवण्याआधी तिला उजेडाकडे एकदा तिरकी करून पाहायचे. नाना तसे का पाहत, हे मला तोपर्यंत कधी सुचले नव्हते. ओरखडे पाहण्यासाठी, की इंद्रधनुष्य पाहण्यासाठी? तिनेही तिरकी करून पाहिली.

त्याच दिवशी सीडी संपल्यावर ओव्या लागल्या, आणि तिने एका ओवीतल्या दोन शब्दांचा अर्थ विचारला. एक मी सांगितला. दुसरा मला आला नाही. बंधूंना दूरध्वनी केला, तेव्हा त्यांनी तो सांगितला, आणि मायला तो शब्द कोणत्या प्रसंगी सुचत असे, तेही सांगितले. पुतणीने दोन्ही एका वहीत लिहून घेतले आणि खाली तारीख घातली.